मार्थाबाईंच्या वर्गातली कोंबडी

मार्थाबाई माणसांना अरे-तुरे करायच्या आणि कोंबड्यांना अहो-जाहो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन देवळाली प्रवराला आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी परसातून आवाज आला, "अहो, जरा बाजूला व्हा, पाय पडेल माझा." मला वाटलं, कुणी मोठं माणूस आलंय. पदर सावरत धावले आणि नमस्काराला वाकलेही. समोर पांढऱ्या पातळातल्या उंच, हाडकुळ्या बाई उभ्या, चष्म्याला दोरी बांधलेली, आणि पायाशी एक पिवळट कोंबडी. बाजूला व्हायला त्या तिला सांगत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू गं कोण? वाकलीस का? काही पडलंय का तुझं?"

नंतर एकदा धीर करून मी विचारलं, कोंबडीला अहो कशाला? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी गणित चुकले होते. "ज्याला उलट बोलता येत नाही त्याला अहो म्हणावं. तुला येतं. तुला कशाला म्हणू?"

त्या गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी फक्त पहिलीला. वरचा वर्ग देऊ केला की नको म्हणायच्या. "दुसरीपासून पोरं शहाणी होतात, मग मजा जाते." लग्न केलं नव्हतं. का, हे गावात कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, कारण तेव्हा मला अक्कल नव्हती. "हजेरी घेता घेता राहून गेलं," त्या म्हणाल्या आणि कोंबड्यांचं पाणी बदलायला गेल्या.

त्यांचं घर आमच्या मागच्या अंगाला. मधे परस एकच, लिंबाचं झाड एकच आणि कुंपण म्हणाल तर तुराट्यांचं, कोंबड्या त्याला जुमानत नसत. मार्थाबाईही नसत. त्या रविवारी पांढरंशुभ्र पातळ नेसून देवळात, म्हणजे त्यांच्या मिशनच्या देवळात जायच्या आणि येताना आमच्या स्वैपाकघरातून जायच्या, कारण तो रस्ता जवळचा होता. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, काही बोलायच्या नाहीत. उलट त्या वेळेला चहाचं आधण बरोबर ठेवलेलं असायचं.

गावातल्या निम्म्या बाप्यांची नाकं बाईंनी पुसलेली, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत. ते दुष्काळाचं वर्ष होतं. रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी आपल्या मनाने थापली जायची नाही. तिच्या मनाने फाटायची. त्या मिलोसाठीसुद्धा रांग. दुकानदार मोठा रुबाबदार, सोनेरी काडीचा चष्मा. एकदा एका म्हातारीला तो म्हणाला, "संपलं, उद्या ये." मागून बाईंचा आवाज आला, "गंप्या, खरं बोल. आत पोतं आहे का नाही?"

चाळिशीचा गंप्या खाली बघून म्हणाला, "हाय बाई. पण ते…"

"पण नंतर. आधी म्हातारीला घाल."

तो आत गेला आणि पोतं ओढत घेऊन आला. बाई आमच्याकडे वळून अगदी कौतुकाने म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे हो. पहिलीतसुद्धा एकदा विचारलं की सांगायचा."

चुकायच्याही भरपूर. कुठल्याही बाबतीत मत द्यायचं आणि ठणकावून द्यायचं, म्हटल्यावर चुकणार नाही तर काय? एकदा मुंग्या पाहून त्यांनी आज पाऊस येणारच असं जाहीर केलं आणि साऱ्या आळीला वाळवणं, गोवऱ्या, गाद्या आत घ्यायला लावलं. संध्याकाळपर्यंत आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. बाई परसात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "चुकले. फळा पुसा." आणि स्वतः सगळ्यांच्या गोवऱ्या परत बाहेर काढू लागल्या. चूक कबूल करताना आवाज खाली आणायचा असतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल, कारण त्याशिवाय कोंबडीची गोष्ट कळायची नाही. थोडंच सांगते, त्या वेळची मी फार वेळ सहन होण्यासारखी नव्हते.

माझं माहेर पाथर्डीकडचं, कोरडं रान. आमच्याकडे 'माझ्या'ला 'मह्या' म्हणतात आणि 'का'ला 'काहून'. सासरी आल्या दिवशी बायकांनी विचारलं, ही पैठणी कुणी घेतली गं? मी म्हणाले, "मह्या आबांनी." बायका हसल्या. वाईट हसल्या नाहीत, बायका हसतात तशा हसल्या. पण मी त्या दिवशी ठरवलं की आता शुद्ध बोलायचं. शुद्ध भाषा मला माहीत होती ती एकच, रेडिओच्या बातम्यांची. दुसऱ्या दिवसापासून मी तसं सुरू केलं. "आत्याबाई, चहा तयार झालेला आहे." "दूधवाले आलेले असून ते दारात उभे आहेत." आमचे हे साखर कारखान्यात पाळीला जायचे; त्यांना एकदा मी म्हणाले, "आपला डबा भरण्यात आलेला आहे." ते डबा न घेताच गेले बिचारे, घाबरून. माझं सुमन हे नाव मागे पडलं आणि आळीत मी 'बातम्या' झाले. मला ते कौतुकच वाटायचं.

शिवाय मला सासुरवास हवा होता. ओव्यांमधून, सिनेमातून ऐकलेला, पाहिलेला, अगदी तसा. पण आत्याबाई काही केल्या जाच करेनात. मी खिडकीत उदास बसले की त्या शेंगा भाजून आणून द्यायच्या. फार पंचाईत व्हायची.

अशात आबा आले. तिकडे पाऊस झालाच नव्हता, विहिरीचा तळ दिसत होता, आबा आणि आई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. आबा एसटीतून उतरले तेव्हा हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेली एक मान. काळी कोंबडी, अंगावर पांढरे ठिपके. अंगणात पिशवी ठेवून ते म्हणाले, "मह्याकडं दुसरं आणाया काही न्हवतं गं माय. अंडी देती. रोज एक खात जा. वाळलीस तू."

मी वाळले नव्हते. शेंगा खाऊन चांगली फुगले होते. पण बापाला ते दिसत नाही. चहा घेऊन ते त्याच गाडीने परत गेले. जाताना म्हणाले, पिकाचं काही नसलं तरी नागपंचमीला तुला न्यायला येतो.

ठिपकीने पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही. आम्ही म्हटलं, प्रवास झालाय. दुसऱ्या दिवशी आमच्या थोरल्या तांबड्या कोंबडीने तिला असं टोचलं की मानेची पिसं उडाली, आणि ठिपकी जी खुराड्यामागच्या कोपऱ्यात जाऊन बसली ती उठेचना. डोळे अर्धे मिटलेले. तुरा फिका. दाणे टाकले तर दाण्यांकडे बघायची नाही. मी रोज तिच्यापुढे बसून शुद्ध भाषेत विनवणी करायची, "कृपया थोडे तरी खाऊन घ्यावे." मनात मात्र दिवस मोजायची. आबा नागपंचमीला येतील, आधी मला बघतील, मग परसात बघतील. खडी फोडणाऱ्या माणसाने बसमधे मांडीवर घेऊन आणलेली कोंबडी. काय सांगू त्यांना?

त्यात गोदाकाकू आली. शेजारची. कंबरेवर हात ठेवून कोपऱ्यात डोकावली आणि आत्याबाईंना म्हणाली, "वैनी, ही मानमोडी हाय. आजच्या आज काढा हिला हितनं."

तिच्या भीतीला कुणी हसलं नाही. मागे एकदा आळीत मानमोडी आली तेव्हा गोदाकाकूचं भरलेलं खुराडं आठवड्यात रिकामं झालं होतं. माना पिळवटून मेलेल्या कोंबड्या तिने स्वतःच्या हाताने पुरल्या होत्या. कोंबडीच्या रोगाला कुंपण नसतं हे तिला शिकवायची गरज नव्हती.

"येवढा एक मुका जीव ठिवायपायी साऱ्या आळीच्या मारायच्या का?" ती म्हणाली.

आत्याबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी रडायला लागले. तेवढ्यात कुंपणाच्या तुराट्या करकरल्या आणि मार्थाबाई आल्या.

त्या कोपऱ्यात उकिडव्या बसल्या. "अहो, मान वर करता का जरा?" हनुवटीखाली, म्हणजे चोचीखाली, एक बोट लावून त्यांनी मान वर केली. छातीला कान लावला. मग चष्मा पुसून बराच वेळ खालची घाण बघत बसल्या. वर्गात पोराची पाटी बघावी तशी.

"मान सरळ आहे. श्वास सरळ आहे. घाण बरी आहे, थोडी आहे एवढंच. पोटात गेलंच नाही तर येईल कुठून? मानमोडी नाही गोदे. हिला सासुरवास झालाय."

हे ऐकून मला जोराचा हुंदका आला. शेवटी कुणाला तरी कळलं!

बाईंनी वळून विचारलं, "तू का रडतेस? तुला थोरली टोचते का?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात माझ्यासाठी आणलेल्या शेंगांचं ताट होतं. मी रडणं आवरतं घेतलं.

"बाई, तुमी अंदाजानं बोलताय," गोदाकाकू म्हणाली. "पावसाचाबी अंदाज बोलला हुतात."

"खरं आहे. म्हणून माझ्या सगळ्या कोंबड्या आणून हिच्याजवळ ठेवते. माझा अंदाज चुकला तर तुझ्या आधी माझ्या मरतील."

"डोकं फिरलंय तुमचं."

"ते जुनं आहे. दुसरं काही बोल."

बाईंना कोंबड्यांशिवाय घरात कुणी नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. गोदाकाकूच्या आलं असावं. तिने कंबरेवरचे हात खाली घेतले. मग आत्याबाईंनी निकाल दिला, "ऐतवारपातूर बघू. ऐतवारी दान्याला तोंड लावलं न्हाई तर मीच मोकळी करते तिला." गोदाकाकूने मान हलवली. मीही हलवली, कारण दुसरं काय हलवणार?

मार्थाबाईंचा वर्ग त्याच दुपारी भरला. त्यांनी कोंबड्या झाकायचं मोठं डालगं आणलं, लिंबाच्या सावलीत, आमच्या आणि त्यांच्या कोंबड्या चरतात तिथेच ठेवलं आणि ठिपकीला त्याखाली बसवलं. बांबूच्या फटींतून तिला सगळ्या दिसायच्या आणि सगळ्यांना ती दिसायची, पण थोरलीची चोच आत पोचत नव्हती.

"नवं पोर आलं की पहिल्या दिवशी खिडकीपाशी बसवायचं," बाई म्हणाल्या. "वर्ग दिसला पाहिजे. वर्गाचे हात पोचता कामा नयेत."

मग गुळाचं पाणी. बोट बुडवून चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा; चोच उघडून ओतायचं नाही, ठसका लागतो. ठिपकीने डोळे मिटूनच ते थेंब आत घेतले. पाणी प्यायली, खाल्लं मात्र काही नाही.

बाईंचं पहिलं मत पडलं की दोष मिलोचा. "हिने जन्मात तांबडी ज्वारी पाहिली नाही. मला घशाखाली उतरत नाही, हिला काय उतरेल?" त्यांनी आपल्या डब्यातली, जपून ठेवलेली बाजरी आणली. ठिपकीने बाजरीकडेही पाहिलं नाही. "चुकले. फळा पुसा."

दुसरं मत पडलं की हिला जोडीला कुणीतरी खादाड पाहिजे. न जेवणाऱ्या पोराशेजारी खादाड पोर बसवलं की ते बघून खातं म्हणे. त्यांनी आपलं एक हावरट पिल्लू डालग्याखाली सोडलं. पिल्लाने सगळी बाजरी संपवली आणि ठिपकीच्या पाठीवर चढून झोपलं. ठिपकीने त्याला झोपू दिलं, पण स्वतः खाल्लं नाही. पिल्लू मात्र दिवसागणिक गुबगुबीत होत गेलं. "पुन्हा पुसा फळा."

त्यानंतर बाई नुसत्या बसू लागल्या. पाट घेऊन डालग्याशेजारी, पाठमोऱ्या. कधी तांदूळ निवडायच्या, कधी जुनं पातळ शिवायच्या. मी सारखी वाकून बघायची, खाल्लं का, खाल्लं का. त्यांनी मला हाकललं. "जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये. घास अडकतो. तुला काम नाही का?" मला काम नव्हतं, पण मी ते शोधलं. भांडी घेऊन परसातच घासायला बसले.

मला आज सगळ्यात जास्त आठवते ती त्यांची ही पाठ. कितीतरी माणसं मदत करताना आपल्याकडे तोंड करून करतात. मार्थाबाई पाठ करून करायच्या. समोरच्याला कुणी बघत नाहीये असं वाटावं, पण कुणी आहे हेही कळावं, इतक्या अंतरावर. तसं बसायला मला जमलेलं नाही. नातीचा ताप बघायला गेले की पहिलं मी थर्मामीटरच हातातून ओढून घेते.

शनिवार उजाडला. मी राखेने पातेलं घासत होते आणि ते गलेलठ्ठ पिल्लू कुठूनसं येऊन माझ्या पायात आलं. मी तोल जाऊन भांड्यांत बसले. तोंडातून निघून गेलं, "आगं माय! काहून गं मधी मधी तडमडतीस, मेले! मह्याच पायात यायचं व्हतं का?"

डालग्याखाली ठिपकीने मान वर केली. पूर्ण वर. डोळा गोल उघडा.

बाई पाठमोऱ्या होत्या, पण पहिलीच्या बाईंना पाठीलाही डोळे असतात. त्यांनी शिवण खाली ठेवलं.

"काय म्हणालीस?"

"मी… क्षमस्व म्हणाले."

"तू क्षमस्व म्हणाली नाहीस. पुन्हा म्हण."

मी म्हणेना. त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "तुझी आई हिला दाण्याला कशी बोलवायची?"

आमच्याकडे देवळालीत कोंबड्यांना 'आऽ आऽ आऽ' करून बोलवत. माझी आई मात्र सुपावर बोटं वाजवून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी हाळी द्यायची. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बाईंच्या कानात सांगितलं, "तित्तीऽ तित्तीऽ, या गं मह्या लेकींनो, या गं."

"इथे कुणी झोपलंय का? मोठ्याने म्हण."

"लोक हसतील."

"बरं, मी म्हणते." त्या उठल्या, घसा साफ केला आणि कविता म्हणून दाखवावी तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तित्ती, तित्ती! या गं माझ्या लेकींनो, या गं!"

ठिपकी उठली, शांतपणे वळली आणि बाईंकडे पाठ करून पुन्हा बसली.

आत्याबाई दारात होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. बाईही हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "हे मला आधी सुचायला हवं होतं. जन्मभर हेच तर केलं मी. पोरं पहिलीत येतात ती घरची बोली घेऊन येतात. घरच्या बोलीत रडतात, घरच्या बोलीतच जेवतात. पुस्तकाची भाषा नंतर. आधी पोर वर्गात बसलं पाहिजे. नवे मास्तर आल्या दिवशीच 'आनी नव्हे, आणि' करतात, आणि दुसऱ्या दिवशी पोर येत नाही." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिला या घरात आल्यापासून एकसुद्धा ओळखीचा शब्द ऐकू आला नाही. जो एक यायचा तो तू गिळून बसलीस. तू बातम्या देतेस तिला!"

मी म्हणाले, उद्या बघू. मला वाटलं, उद्या सकाळी परसात कुणी नसताना हळूच हाळी देता येईल.

रविवारी सकाळी परसात सगळे होते. गोदाकाकू आली, तिची सून आली, पलीकडच्या दोघी-तिघी निकाल बघायला आल्या. आत्याबाईंनी सुरी धुऊन ओट्यावर ठेवली होती. आणि मार्थाबाई पांढरंशुभ्र पातळ नेसून डालग्याशेजारी पाटावर बसल्या होत्या. मिशनच्या देवळाची घंटा वाजली. आत्याबाई म्हणाल्या, "बाई, घंटा झाली."

"ऐकली. देवाला माझी गरज लागली तर तो इथे येईल. पत्ता माहीत आहे त्याला."

त्यांनी डालगं उचलून बाजूला ठेवलं, सुपात बाजरी घातली आणि सूप माझ्या हातात दिलं. माझ्याकडे बघतही नव्हत्या. पाठमोऱ्या बसल्या.

मी सुपावर बोटं वाजवली. तोंडातून आवाज फुटेना. आईचा आवाज मात्र डोक्यात स्वच्छ ऐकू येत होता. मग मी डोळे मिटून दिली हाळी. "तित्तीऽऽ तित्तीऽऽ! या गं मह्या लेकींनोऽऽ, या गं!"

गोदाकाकूच्या सुनेला हसू फुटलं. गोदाकाकूही खिदळली, "मह्या! ऐका, ऐका, मह्या!"

मार्थाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "गोदे, तू पहिलीत 'पानी' म्हणायचीस. मी हसले होते?"

"आजूनबी पानीच म्हंते की."

"मग? तहान भागते ना?"

बायका गोदाकाकूला हसल्या. गोदाकाकू स्वतःला हसली. त्या हसण्यात माझी उरलीसुरली लाज वाहून गेली आणि मी आईसारखी कंबर वाकवून पुन्हा ओरडले. या वेळी सगळं आलं, काहून आलं, मेले आलं, लेकी आलं, "काहून रुसलीस गं मह्यावर, ये ना मेले, ये" असं काय काय मी बोलत सुटले. रडत होते की हसत होते ते मला आजही सांगता यायचं नाही.

ठिपकी उठली. एक पाऊल टाकून थांबली. मान तिरकी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने. मग सुपाच्या काठावरून सांडलेला एक दाणा उचलला. थांबली. मला वाटलं, झालं. तिने दुसरा उचलला. आणि मग तिची चोच जी सुरू झाली ती थांबेचना, टकटक टकटक, सुपावर.

मग गोदाकाकू म्हणाली, "खाती की वं." आणि खाली बसून स्वतःच्या ओंजळीतून तिला दाणे टाकू लागली. सुरी आत्याबाईंनी आत नेली आणि त्या सुरीने कांदे चिरले.

हा चमत्कार नव्हता. पुढे कितीतरी दिवस मला सकाळ-संध्याकाळ हाळी द्यावी लागली. मग बाईंनी एका तिन्हीसांजेला, सगळ्या कोंबड्या पेंगत असताना तिला खुराड्यात त्यांच्यात सोडलं. सकाळी थोरलीने एकदा टोचलं, ठिपकीने एकदा टोचलं, मिटलं. आणि एव्हाना आळीच्या पोरीबाळी कोंबड्यांना 'या गं मह्या लेकींनो' म्हणून बोलवू लागल्या होत्या. बातम्या बंद पडल्या. एके दिवशी आमचे हे कारखान्यातून आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "काहून उशीर केला?" ते दारातच थांबले आणि इतकं छान हसले की लग्न झाल्यासारखं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

नागपंचमीला आबा आले. परसात गेले. ठिपकी थोरलीच्या तोंडचा किडा पळवत होती. आबांनी तिला पिशवीतून आणलं होतं हे तिला आठवत असावं. तिने त्यांच्या पायाला चोच मारली. आबांना कोण आनंद! मार्थाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तुझी लेक मोठ्या आवाजाची आहे." एवढंच. बाकीचं काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात बाईंचे गुडघे पार गेले. नगरला त्यांचा भाचा होता, तो टेम्पो घेऊन न्यायला आला. बाईंनी कोंबड्या वाटून टाकल्या, गोदाकाकूला सगळ्यात चांगली दिली. आत्याबाईंनी ठिपकीला धरून आणलं. "बाई, हिला न्या. सोबत हुईल."

बाईंनी ठिपकीच्या पाठीवरून हात फिरवला. "नको. एका घरात एकाच वेळी दोन नवे नकोत. माझं मीच पुष्कळ आहे त्यांना."

सामान चढलं. भाचा टेम्पोत बसला. मी पदराला डोळे पुसत उभी होते. तेव्हा मी कशालाही रडायची, पण या वेळी कारण होतं. आणि मार्थाबाई टेम्पोकडे न जाता सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"वहिनी, भाकरी आहे का?"

आत्याबाई चकित झाल्या. "हाय की. पर तिकडं भाच्याची बायको रांधून बसली आसंल."

"बसली असेल. गुणी आहे पोरगी. पण तिथे आज माझ्याच्याने घास उतरायचा नाही. मला माझी माहिती आहे. इथेच पोटभर खाऊन घेते, म्हणजे तिथे गेल्यावर तिला वाटायला नको की म्हातारी रुसली."

मी ताट आणलं. पिठलं, भाकरी, कांदा. बाईंनी मांडी घातली, पातळ गुडघ्यांखाली खोचलं, मान खाली घालून छोटीशी प्रार्थना केली आणि जेवायला लागल्या. सावकाश, चवीने, बोटं चाटून. एक भाकरी झाली, दुसरी मागितली. भाच्याने हॉर्न वाजवला. आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "बघत नगं ऱ्हाऊ तिकडं, जा, कायतरी काम कर." मी तशीच पाठ करून चुलीपाशी वळले.

हॉर्न पुन्हा वाजला, जरा लांबट.

मागून बाईंचा आवाज आला, "सुमन, कढईच्या बुडाला खरवड लागली असेल बघ. ती आण गं."